परदेशी, मुक्काम पोस्ट नगर

शनिशिंगणापुरात येणारा परदेशी पाहुणा सहसा अर्ध्या दिवसाचा असतो. मुक्काम शिर्डीला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. गाडी घोडेगावला हमरस्ता सोडून आत वळते, चौथऱ्यावरची उघड्या आभाळाखालची काळी शिळा बघून होते, आणि मग ज्यासाठी त्याला आणलेलं असतं ते गाईड दाखवतो: चौकट आहे, उंबरा आहे, दार नाही. कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून कुठे फळी टेकवलेली, कुठे पडदा. २०११ मध्ये युको बँकेने इथे कुलपाविना शाखा उघडली, ती बातमी जगभर गेली. २०१५ मध्ये गावाला स्वतःचं पोलीस ठाणं मिळालं, ती तेवढी गेली नाही. पाहुणा फोटो काढतो, उसाचा रस पितो आणि दिवेलागणीच्या आत निघून जातो.

पण समजा, त्याला इथेच राहायचं असेल तर? दोन दिवस नव्हे, वर्षभर. एखादी खोली भाड्याने घेऊन, किराणा भरून, शेजारच्या काकूंकडून दूध घेऊन. घराला कडी नाही म्हणून तो सहज आत येईल हे खरं. पण तो आत आला की घरमालकाचं काम सुरू होतं. परदेशी नागरिकाला आपल्या छपराखाली ठेवलं तर चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावं लागतं. हॉटेल असो, धर्मशाळा असो की राहतं घर. लोक त्याला ‘सी-फॉर्म’ म्हणतात. हल्ली तो ऑनलाइन भरतात. पासपोर्टचा क्रमांक, व्हिसाचा क्रमांक, कुठून आला, कुठे जाणार. गावाला दारं असोत वा नसोत, देशाला दार असतंच आणि त्याची कडी प्रत्येक यजमानाच्या हातात दिलेली असते.

हा नियम आपलाच आहे असं नाही. परदेशी लोक हौसेने जाऊन राहतात अशा ठिकाणांमध्ये थायलंडचं नाव आज फार वर आहे. बँकॉक, चियांग माई, पट्टाया या शहरांत निवृत्त युरोपीय, लॅपटॉपवर नोकरी करणारे तरुण, इंग्रजी शिकवणारे मास्तर अशी मोठी वस्ती आहे. तिथेही घरमालकाला चोवीस तासांत ‘टीएम-३०’ नावाचा फॉर्म भरावा लागतो. शिवाय भाडेकरूने स्वतः दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा, तो ‘टीएम-४७’. मुदत उलटून राहिलं तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत. पन्नाशी ओलांडलेल्याला निवृत्त म्हणून राहायचं असेल तर तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवून दाखवणं हा एक मार्ग. जमीन त्याच्या नावावर होत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण त्या इमारतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी परदेशी मालकी ४९ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. समुद्र, नारळपाणी आणि स्वस्त मसाज यांच्या चित्रात हे कागद कधी दिसत नाहीत, पण तिथल्या परदेशी रहिवाशाच्या वर्षाचं वेळापत्रक या कागदांवरच चालतं.

बाकीचा दिवस मग गल्लीत जातो. मोठ्या रस्त्याला फुटलेल्या गल्लीला तिथे ‘सोई’ म्हणतात. एका बाजूच्या सोयांना विषम क्रमांक, दुसऱ्या बाजूच्या सोयांना सम. हे एकदा कळलं की पत्ता सापडतो. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकलवाले बसलेले असतात, तेच तिथले रिक्षावाले. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्टेशनात, बागेत राष्ट्रगीत लागतं आणि चालणारा माणूस जागच्या जागी उभा राहतो. नवखा दोन दिवसांत बघून शिकतो. कॅलेंडरवरचं साल आपल्या इसवी सनाच्या ५४३ पुढे असतं, त्यामुळे दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायलाही हिशेब. चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, धूर दाटतो, आणि ज्यांना परवडतं ते परदेशी त्या दिवसांत शहर सोडून समुद्राकडे जातात.

शिंगणापूरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायलाच हवी. शनी तिथेही आहे. थाई लोकांत आठवड्याच्या प्रत्येक वाराला रंग आहे आणि शनिवारचा रंग जांभळा. प्रत्येक वाराची बुद्धमूर्तीही ठरलेली. शनिवारी जन्मलेल्याने पुजायची ती सात फण्यांच्या नागाच्या छत्राखाली बसलेली. थाई ज्योतिषातल्या शनिदेवाचं वाहन मात्र कावळा किंवा गिधाड नसून वाघ आहे. राजकन्या सिरिंधोर्न शनिवारी जन्मलेल्या, म्हणून एप्रिलमध्ये त्यांच्या वाढदिवसाला रस्तोरस्ती जांभळ्या पताका लागतात. साडेसातीला घाबरणारा मराठी माणूस बँकॉकमध्ये नोकरीला गेला तर त्याला अगदीच परकं वाटायचं कारण नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. परदेशी लोक राहायला यावेत असं इथे दिसायला काही नाही. समुद्र नाही, बर्फ नाही, पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळा कडक. तरी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या नगरात, परदेशी रहिवाशांची परंपरा गोवा सोडला तर भल्याभल्या ठिकाणांना हेवा वाटावा इतकी जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने शहर वसवलं तेव्हापासून इराणी विद्वान, तुर्की तोफांचे जाणकार, हबशी सरदार इथे येत होते. त्यातला सर्वांत मोठा मलिक अंबर: इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारोबाजार विकला गेलेला, आणि १६०० नंतर निजामशाहीचा कारभार मरेपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत, चालवणारा. त्याने घालून दिलेली जमीनमहसुलाची पद्धत दख्खनच्या इतिहासात त्याच्या नावाने ओळखली जाते. परक्या देशातून आलेल्याने जमिनीची प्रतवारी लावावी आणि शेतकऱ्याने ती पिढ्यान्‌पिढ्या ध्यानात ठेवावी, हे थोडं नाही.

पण मलिक अंबर सत्तेवर होता. साध्या रहिवाशाची गोष्ट सुरू होते ती १८३१ च्या डिसेंबरात. अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत १८१३ पासून होती. त्यांनी त्या महिन्यात नगरला ठाणं उघडलं. आलेल्यांपैकी विल्यम हार्वी हा तरुण पुढच्याच वर्षी पटकीने गेला. तेव्हा परदेशी राहण्यातला पहिला धोका व्हिसाचा नव्हता, पाण्याचा होता. त्याच १८३१ साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती निघाली, हा योगायोग या लोकांच्या पथ्यावर पडला. कारण त्यांना पहिलं काम होतं ते मराठी शिकण्याचं, आणि तेही बोलून दाखवण्यापुरतं नाही, तर छापण्याइतकं. १८४२ मध्ये त्यांनी नगरमधून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. जिल्ह्याच्या ठिकाणी, परदेशी माणसांनी, मराठीत. धर्मप्रसाराचा हेतू उघड होता आणि त्यावर तेव्हाही वाद झाले. पण मराठी पत्रकारितेचा इतिहास लिहिताना ते नाव टाळता येत नाही.

सिंथिया फरार या बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या. अविवाहित स्त्रीला परदेशी पाठवायचं की नाही यावर त्यांच्या बॉस्टनच्या संस्थेत तोवर खल चालला होता. १८३९ मध्ये त्या नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मधली तेवीस वर्षं मुलींच्या शाळा. या शाळा पाहून जोतिराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण फरारबाईंकडे झालं, असं फुले दांपत्याच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. फरारबाईंचं रोजचं जगणं कसं होतं ते आपण तुकड्यातुकड्यांतूनच जोडू शकतो: दारोदार जाऊन मुली मागणं, आईबापांची समजूत, येणारी मुलगी लग्न झालं की बंद, पुन्हा नवी मुलगी. निवृत्त होऊन मायदेशी परतणं त्यांच्या वाट्याला आलं नाही.

शिंगणापूरपासून अगदी जवळचा परदेशी रहिवासी मात्र वेगळाच. नगरहून संभाजीनगरकडे जाताना घोडेगावच्या पुढे वडाळा बहिरोबा लागतं. तिथे सॅम्युएल बेकन फेअरबँक हा अमेरिकन मिशनरी राहिला. जन्म १८२२, मृत्यू १८९८. नेवासे तालुक्याच्या या काळ्या रानात तो उपदेश करायचाच, पण त्याचे डोळे झाडावर आणि बांधावर असायचे. दख्खनच्या पक्ष्यांची त्याने यादी केली. गोगलगाई गोळा केल्या, शिंपले गोळा केले. उन्हाळ्यात हे अमेरिकन लोक थंड हवेच्या डोंगरांत जात, आणि तामिळनाडूतल्या पळणी डोंगरात त्याला मिळालेल्या एका लाफिंगथ्रश जातीच्या पक्ष्याला ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये त्याचंच नाव दिलं: शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. मराठीत आजवर वडाळ्याची ओळख मिशनचं गाव म्हणून आहे. पक्षिशास्त्राच्या नकाशावर ते एकेकाळी होतं हे आपल्या निसर्गप्रेमी मंडळींनाही फारसं माहीत नसावं, याचं मला नवल वाटतं. फेअरबँकची पुढची पिढीही वडाळ्याला राहिली. म्हणजे अमेरिकन घर आणि त्याची मुलं नेवाशाच्या बोलीत वाढलेली.

नगरात जन्म-मरण होत गेलं की परदेशी नावं गावाची होऊन जातात. रिक्षावाल्याला ‘क्लेरा ब्रूस’ म्हणा, तो शाळेपाशी सोडतो. ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणा, पत्ता विचारावा लागत नाही. ह्यूम मेमोरियल चर्च आहे, ते रॉबर्ट ह्यूम यांच्या नावाचं. हे ह्यूमसाहेब १८४७ मध्ये मुंबईतच जन्मले, अमेरिकेत शिकले आणि १८७४ पासून पन्नासेक वर्षं नगरला राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळातल्या कामाबद्दल त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ पदक मिळालं. चर्चिल नावाचे एक अमेरिकन अभियंते याच शहरात हातमाग सुधारत बसले होते. त्यांचा माग ‘चर्चिल लूम’ म्हणून ओळखला गेला.

काही परदेशी मात्र इथे स्वतःच्या मर्जीने राहिले नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात पकडलेले कैदी ब्रिटिशांनी नगरला आणून ठेवले, आणि पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना इथल्याच छावणीत डांबलं. काटेरी तारेच्या आतून पाहिलेल्या नगरबद्दल त्यांचं मत चांगलं असण्याची अपेक्षा नको.

मग येतं मेहेराबाद. नगरहून दौंडच्या रस्त्याने नऊ-दहा किलोमीटरवर अरणगाव, आणि त्याच्या शिवारात लष्कराने सोडलेल्या जुन्या इमारती. पुण्यात १८९४ मध्ये इराणी कुटुंबात जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, म्हणजे मेहेरबाबा, १९२३ पासून इथे येऊ लागले. १० जुलै १९२५ ला त्यांनी इथेच मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. आधी पाटीवरच्या अक्षरांनी आणि पुढे हातांच्या खुणांनी ते बोलत. १९३० च्या दशकात त्यांच्याकडे इंग्लंड, अमेरिका, स्वित्झर्लंडमधून माणसं येऊ लागली. सुरुवातीला, १९३६ च्या अखेरीस, त्यांच्यासाठी नाशिकला वेगळा आश्रम काढला. पाश्चात्त्य सवयींना झेपेल अशी सोय केली. तो वर्षभरही टिकला नाही. पुढच्या काळात त्यातल्या बायकांपैकी काही जणी मेहेराबादच्या टेकडीवर येऊन राहिल्या, तिथल्या पद्धतीने.

कोण होत्या या? मार्गारेट क्रास्क लंडनमध्ये बॅले शिकवणारी नामवंत शिक्षिका. किटी डेव्ही इंग्लिश, पियानो शिकवणारी. आयरीन बिलो स्विस. रॅनो गेली ही अमेरिकन चित्रकार. नादिन टॉलस्टॉय ही तर लिओ टॉलस्टॉयची सून; १९४६ मध्ये वारली, आणि रशियाच्या त्या घराण्यातल्या या बाईची कबर अरणगावच्या माळावर आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा मायदेशी जाण्याच्या वाटा अवघड झाल्या होत्या. या बायकांनी ती वर्षं दुष्काळी माळावर काढली: पत्र्याच्या छपराखाली, ठरलेल्या वेळेच्या जेवणात, पुरुषांपासून वेगळ्या आवारात, आणि बाबा सांगतील तेव्हा सामान बांधून देशभर प्रवासाला निघायचं. लंडनच्या रंगमंचावरून थेट अरणगावचा माळ. श्रद्धा असल्याशिवाय हे होत नाही हे मान्य. पण श्रद्धेलाही रोज आंघोळीचं पाणी लागतं, आणि ते विहिरीवरून कोणीतरी आणावं लागतं. परदेशी रहिवाशाचं जगणं समजून घ्यायचं तर मला वाटतं तत्त्वज्ञानापेक्षा हे पाणी जास्त कामाचं.

पिंपळगाव माळव्याजवळचं मेहेराझाद हे दुसरं ठिकाण. तिथे फ्रान्सिस ब्रॅबझन हे ऑस्ट्रेलियन कवी बाबांच्या अखेरच्या दशकात राहिले आणि गझलेचा बाज इंग्रजीत आणत बसले. नगर जिल्ह्यातल्या खेड्यात बसून इंग्रजी गझल लिहिणारा ऑस्ट्रेलियन, ही ओळख आपल्या गझलप्रेमींना असायला हरकत नाही. १९६९ नंतर परदेशी भाविक थांबले नाहीत, उलट वाढले. १९८० मध्ये मेहेराबादला यात्रेकरूंचं निवासस्थान झालं, २००६ मध्ये मोठं नवं. यात्रेकरूंचा मोसम साधारण जूनच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. उन्हाळा या गणितातून वगळलेला आहे, आणि ज्याने मे महिन्यात नगर पाहिलं आहे त्याला कारण सांगावं लागणार नाही. पण काही परदेशी यात्रेकरू न राहता रहिवासी झाले. दवाखाना, शाळा, बाग, जुनी कागदपत्रं जपणं अशा कामांत त्यांची वर्षं गेली. बाजारात भाजी घेताना त्यांना कुणी वळून बघत नाही, आणि राहण्याच्या कलेतली ही वरची पायरी आहे.

आजच्या काळात असं राहायचं तर काय करावं लागतं? १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या बहुतेक व्हिसांवर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. मोठ्या शहरांत त्यासाठी स्वतंत्र कार्यालय असतं, जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकांकडे. २०१८ पासून बराचसा कारभार ऑनलाइन आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा एकत्रित कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे त्याने रद्द केले. म्हणजे नादिन टॉलस्टॉय ज्या ब्रिटिशकालीन कायद्यांखाली नोंदल्या गेल्या असत्या, त्यातले काही २०२५ पर्यंत जिवंत होते. मुदतीच्या अटी बसत असतील, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस राहणं झालं असेल, तर परदेशी रहिवाशाला आधारही मिळतं. बँकेत खातं निघतं. सिमकार्डाला जरा घाम गाळावा लागतो.

जमिनीचं मात्र नाव काढायचं नाही. शेतजमीन परदेशी नागरिकाला घेता येत नाही. पण हे ऐकून कुणी परदेशी हिरमुसला तर त्याला सांगावं की महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या दादरच्या माणसालाही ती घेता येत नाही. कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. सातबाऱ्यासमोर लंडनकर आणि दादरकर सारखेच. थायलंडमध्ये हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवतात: जमीन थाई बायकोच्या नावावर, किंवा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने. त्यातून कोर्टकज्जेही होतात.

गावाचा रीतिरिवाज हा कागदापेक्षा अवघड विषय. थायलंडमध्ये कुणाच्या डोक्याला हात लावू नये, पाय देवाकडे किंवा माणसाकडे करू नयेत, घरात शिरताना चपला बाहेर. चपलांचा धडा आपल्या पाहुण्याला तिथे मिळालेलाच असतो, तो इथे कामी येतो. पण गावाचे नियम बदलतही असतात, आणि परदेशी पुस्तकांत जुनाच नियम छापलेला राहतो. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नसत. २०१६ च्या जानेवारीत त्यावरून मोठं आंदोलन झालं, मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशाचा बायकांचा हक्क सांगितला, आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, देवस्थानने बंदी उठवली. आजही काही प्रवासपुस्तकांतून उलटंच वाचून परदेशी स्त्रिया खालीच थबकलेल्या असू शकतात. त्यांना कुणीतरी वेळीच सांगितलं पाहिजे.

काही जण या सगळ्याच्या पलीकडे गेले. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी आल्या आणि फलटणला स्थायिक झाल्या. प्रगत शिक्षण संस्था उभी केली, भारतीय नागरिक झाल्या. जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं लिहिली, म्हणजे अमेरिकेतला विद्यार्थी मराठीची पहिली बाराखडी फलटणच्या पुस्तकातून शिकला. गेल ऑम्वेट १९४१ मध्ये मिनियापोलिसला जन्मल्या, महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करायला आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई झाल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०२१ मध्ये कासेगावातच गेल्या. तिथल्या मोर्चांत त्या घोषणा द्यायला पुढे असत.

नागरिकत्वाच्या कायद्यात एक अट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. अर्जाच्या लगतचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं भारतात काढल्यावर परदेशी माणसाला अर्ज करता येतो. पण त्याला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचं पुरेसं ज्ञान असावं लागतं. इंग्रजी त्या अनुसूचीत नाही. मराठी आहे. थायलंडमध्येही कायम वास्तव्यासाठी थाई भाषा यावी लागते, आणि तिथे एका देशाच्या वर्षाला १०० माणसांनाच ते मिळतं. दोन्ही देशांनी शहाणपणाची अट घातली आहे असं माझं मत. दहा वर्षं राहून शेजाऱ्याशी बोलता येत नसेल तर त्या माणसाने शहर भाड्याने घेतलं, एवढंच म्हणावं लागेल.

आणि भाषेच्या जोडीला पाणी. फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये आले. हा जेझुइट धर्मगुरू नगरच्या सोशल सेंटरमधून गावोगाव हिंडला आणि एका साध्या निष्कर्षावर आला: पाऊस कमी आहे हे खरं, पण पडलेला थांबत नाही हे जास्त खरं. बर्फाच्या देशातून आलेल्याने कोरड्या माळावर डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणायला, बांध घालायला, चराई थांबवायला गावांना राजी केलं. यातून जर्मन मदतीवर चालणारा इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटर ही संस्था. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी हे त्याचं नेहमी दाखवलं जाणारं गाव. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांच्याबद्दल आपण भरभरून लिहितो, ते योग्यच आहे. त्याच जिल्ह्यातल्या या स्विस माणसाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं.

लिहिण्याचा हा मुद्दा इथेच थांबत नाही. नगरच्या परदेशी रहिवाशांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक त्यांनीच लिहिलेलं आहे: मिशनचे अहवाल, बॉस्टनला गेलेली पत्रं, मेहेरबाबांच्या पाश्चात्त्य शिष्यांची आठवणींची पुस्तकं. सगळं इंग्रजीत. शेजाऱ्याची बाजू जवळजवळ गायब. अपवाद लक्ष्मीबाई टिळकांचा. १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त नगर-राहुरीचे दिवस, मिशनच्या आवारातलं जगणं आणि साहेब-मडमा एका मराठी बाईच्या नजरेतून दिसतात, तेही हसत-खिदळत आणि मुलाहिजा न ठेवता. तसं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही. अरणगावच्या ज्या घरांतून टेकडीवर दूध-भाजी गेली, वडाळ्याच्या ज्यांच्या आजोबांनी साहेबाच्या घरी काम केलं, दरेवाडीत ज्यांनी बाखरबाबांबरोबर चर खणले, त्यांच्या घरी या आठवणी अजून सांगितल्या जात असतील. तुमच्या घरी असतील तर त्या वहीत उतरवा, म्हाताऱ्या माणसांना फोनवर बोलतं करून ध्वनिमुद्रण करून ठेवा, आणि एक प्रत नगरच्या संग्रहालयात किंवा तुमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात द्या.